इब्न खल्दून, रेगन आणि वालीवचा गाळा

फेब्रुवारी २०२५मध्ये केंद्रीय अर्थसंकल्प मांडला गेला आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही, अशी घोषणा झाली. त्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या ग्रुपपासून मोहल्ल्याच्या ग्रुपपर्यंत एकच मजकूर फिरत होता. कर कमी केला की राज्याचे उत्पन्न वाढते, हा शोध अमेरिकेचा नाही. आपल्या इब्न खल्दूनने तो साडेसहाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवला आहे आणि खुद्द रेगननेही त्याचा दाखला दिला होता, असा तो मजकूर होता.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटले. वालीवला त्यांचा प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा आहे. तीन मशीन, आठ-नऊ कामगार. तोच मजकूर त्यांनी मोबाईलवर दाखवला आणि म्हणाले, “सर, तुम्ही इतिहास वाचता. हे खरं आहे ना?”

“खरं आहे भाई, पण अर्धं आहे.”

“मग उरलेलं अर्धं लिहा की कुठंतरी. आम्हालाही कळू द्या.”

म्हणून हा लेख. यात चौदाव्या शतकातला काझी आहे, अमेरिकेतले एक राज्य आहे, आपला महाराष्ट्र आहे आणि वालीवची गोष्टही आहे. कारण करसवलतीने विकास होतो की नाही, हा प्रश्न मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिला होता.

काझीसाहेबांनी नेमके काय लिहिले?

इब्न खल्दून १३३२मध्ये ट्यूनिसला जन्मला. दरबारांत नोकऱ्या केल्या, तुरुंगवास भोगला, वकील म्हणून राजेरजवाड्यांकडे गेला आणि शेवटी कैरोत मालिकी काझी होऊन १४०६मध्ये तिथेच वारला. आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात राहून १३७७मध्ये त्याने ‘मुकद्दिमा’ लिहिला. इतिहास म्हणजे राजांची यादी नव्हे, समाज कसा चालतो हे समजून घेण्याची विद्या आहे, असे म्हणणारा तो ग्रंथ.

त्यात करावर एक प्रकरण आहे. राजवट नवी असते तेव्हा तिच्या गरजा साध्या असतात. ती लोकांकडून थोडे घेते. लोकांना कष्टाचे फळ हाती राहते असे दिसते, ते जास्त जमीन कसतात, जास्त व्यापार करतात आणि थोड्या करातूनही खजिना भरतो. पुढे राजवट ऐषारामाला लागते, खर्च वाढतो, कर चढत जातो. लोकांची उमेद जाते, काम आटते आणि दर वाढूनही वसुली घटते. फिरणाऱ्या मजकुरात आहे ते एवढेच, आणि ते बरोबर आहे.

पण त्याच भागात थोडे पुढे आणखी एक प्रकरण आहे, ज्याचा दाखला सहसा कोणी देत नाही. राज्यकर्त्याने खर्च करण्यापासून हात आखडला, लोकांचे पगार-भत्ते दाबून ठेवले, तर कराची वसुलीही घटते, असे इब्न खल्दून तिथे सांगतो. कारण सरकार हीच सर्वांत मोठी बाजारपेठ असते. तिथून पैसा बाहेर आला नाही तर इतर बाजारही मंदावतात. पैसा रयतेकडून सरकारकडे आणि सरकारकडून रयतेकडे फिरत राहिला पाहिजे. तो अडला की दोघांचे नुकसान. शिवाय सुलतानाने स्वतः व्यापारात उतरून रयतेशी स्पर्धा करू नये आणि जुलूम झाला की वस्ती उजाड होते, हेही त्याने तिथेच बजावले आहे.

दोन्ही भाग एकत्र वाचले तर त्याचे म्हणणे ‘कर कमी करा’ एवढ्यावर थांबत नाही. कर बेताचा घ्या, आधी सांगून घ्या, आणि घेतलेला पैसा लोकांत परत जाऊ द्या, असे ते आहे.

कर माफ झाला, कालवाही आला

हे फक्त ग्रंथात राहिले असे नाही. इब्न खल्दूनच्याच काळात दिल्लीत फिरोजशहा तुघलक राज्य करत होता (१३५१ ते १३८८). शरियतला मान्य नसलेले सुमारे दोन डझन लहानमोठे कर त्याने बंद केले. बाजारातल्या किरकोळ मालावरचे, कारागिरांवरचे कर त्यात होते. त्याबरोबर त्याने यमुना आणि सतलजवरून कालवे काढले, आणि कालव्याचे पाणी घेणाऱ्यांकडून ‘हक्क-ए-शर्ब’ ही दहा टक्के पाणीपट्टी उलेमांना विचारून सुरू केली. म्हणजे एका हाताने त्रासाचे कर काढले आणि दुसऱ्या हाताने, ज्याचा उपयोग दिसतो असा कर लावला. पण याच फिरोजशहाने तोवर सूट असलेल्या ब्राह्मणांवर जिझिया लावला, हेही सांगायला हवे. करमाफीच्या बातमीबरोबर ‘भार कोणाच्या अंगावर सरकला?’ हा प्रश्न तेव्हाही होता.

आपल्या दख्खनमध्ये मलिक अंबरने हीच गोष्ट अधिक नेटकी केली. अहमदनगरच्या निजामशाहीत गावाचा सारा गोळा करण्याचा ठेका देण्याची पद्धत होती. ठेकेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि रयतेकडून जमेल तेवढे ओरबाडी. अंबरने ठेका मोडला, जमिनीचा कस पाहून सारा ठरवला आणि वसुली गावाच्या कारभाऱ्यांमार्फत आणली. शेतकऱ्याला किती द्यायचे हे आधीच कळू लागले. त्याच अंबरने १६१०च्या सुमारास खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. औरंगाबादची नहर-ए-अंबरी ती हीच. ठरलेला सारा आणि वाहते पाणी या दोन्ही गोष्टी त्याने मिळून केल्या. या शहराकडे लेखात परत यायचे आहे.

रेगनपासून कॅन्ससपर्यंत

आता अमेरिकेची गोष्ट. १९७४मध्ये वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात आर्थर लॅफर या अर्थतज्ज्ञाने जेवणाच्या टेबलावर एक वक्ररेषा काढून दाखवली, असे सांगतात. दर शून्य असेल तर वसुली शून्य. दर शंभर टक्के असेल तरी वसुली शून्य, कारण कोणी कमावणारच नाही. मधे कुठेतरी सर्वाधिक वसुलीचा बिंदू असतो. यात चूक काही नाही. अडचण एवढीच की आपण त्या बिंदूच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे रेषा सांगत नाही.

१९८१मध्ये रोनाल्ड रेगन यांनी मोठी करकपात केली. त्या वर्षी १ ऑक्टोबरच्या पत्रकार परिषदेत त्यांनी इब्न खल्दूनचे नाव घेतले, हे खरे आहे. वरच्या उत्पन्नावरचा दर ७० टक्क्यांवरून ५० आणि १९८६च्या कायद्याने २८ टक्क्यांवर आला. १९८३नंतर अमेरिकेची अर्थव्यवस्था वेगाने वाढली, हेही खरे. पण मधे १९८२मध्ये तूट पाहून रेगन यांनाच काही कर पुन्हा वाढवावे लागले, व्याजदर खाली आल्याने उद्योगांना श्वास मिळाला, आणि त्यांच्या आठ वर्षांत देशाचे कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. कपात स्वतःचा खर्च स्वतः भरून काढेल, हे वचन पुरे झाले नाही.

तरीही अमेरिकेसारख्या देशात इतक्या गोष्टी एकाच वेळी घडतात की कशाचे श्रेय कशाला द्यायचे, यावर वाद होतच राहतात. म्हणून एका लहान राज्याचे उदाहरण जास्त उपयोगी आहे. अमेरिकेत बहुतेक राज्ये स्वतःचा वेगळा आयकर घेतात. २०१२मध्ये कॅन्ससचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी राज्याचा वरचा दर ६.४५ वरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि भागीदारी, एकल मालकी अशा व्यवसायांचे उत्पन्न पूर्णपणे करमुक्त केले. सल्लागार स्वतः लॅफर होते. नोकऱ्या वाढतील, लोक शेजारच्या राज्यांतून कॅन्ससला येतील, असे वचन होते.

झाले असे की राज्याची वसुली एका वर्षात सुमारे ७० कोटी डॉलरने घसरली. पगार घेणाऱ्या अनेकांनी कागदावर आपले उत्पन्न ‘व्यवसायाचे’ करून घेतले, त्यामुळे सूट घेणारे अंदाजापेक्षा खूप जास्त निघाले. नोकऱ्यांची वाढ देशाच्या सरासरीच्या मागे राहिली. राज्याची पत घसरली. रस्त्यांसाठी ठेवलेला पैसा दुसरीकडे वळवावा लागला. २०१५मध्ये काही शाळांनी पैशाअभावी शैक्षणिक वर्ष ठरल्याच्या आधीच संपवले. मार्च २०१७मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांना दिला जाणारा निधी अपुरा असल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी जूनमध्ये विधिमंडळाने, ज्यात ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचे बहुमत होते, त्यांचा नकाराधिकार ओलांडून बहुतेक कपात मागे घेतली.

शाळा लवकर बंद झाल्याचा तपशील वाचताना मी थांबलो होतो. कराचा दर दीड टक्क्याने उतरतो तेव्हा त्याचा हिशेब शेवटी कुठल्यातरी वर्गात येऊन पोचतो.

आपल्या राज्याच्या हातात काय आहे?

भारतात राज्यांना असा प्रयोग करता येत नाही. राज्यघटनेने शेतीव्यतिरिक्त उत्पन्नावरचा कर केंद्राकडे दिला आहे. राज्याला शेतीच्या उत्पन्नावर कर लावता येतो आणि व्यवसाय कर लावता येतो.

हा व्यवसाय कर माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला दिसतो. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. घटनेने यापेक्षा जास्त घेऊ दिलेला नाही. महाराष्ट्रात तो १९७५मध्ये आला, आणि तो कशासाठी आला हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली होती. तिच्यासाठी पैसा हवा होता, म्हणून शहरातल्या पगारदार आणि व्यावसायिकांवर हा लहानसा कर बसला. त्या पैशातून पाझर तलाव झाले, विहिरी झाल्या, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. पुढे २००५मध्ये साऱ्या देशाने तीच कल्पना कायद्याने स्वीकारली. आपल्या राज्याच्या इतिहासात विकासाचे एक ठळक उदाहरण नवा कर लावून घडले आहे, कमी करून नव्हे. हे उदाहरण सांगितले की करकपातीचे समर्थक गप्प होतात असे नाही, पण निदान चर्चा सरळ होते.

उद्योगांना खेचण्यासाठी राज्यांकडे खरे हत्यार होते ते विक्रीकराचे. १९६४मध्ये महाराष्ट्राने उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. मुंबई, ठाणे, पुणे पट्ट्यातली गर्दी कमी व्हावी, कारखाने मागास भागात जावेत, हा हेतू. तालुक्यांचे अ, ब, क, ड असे गट पाडले गेले. जितका तालुका मागे, तितकी सवलत जास्त. काही वर्षे विक्रीकर माफ किंवा काही वर्षांनी भरण्याची मुभा. १९७९, १९८३, १९८८, १९९३ अशी ती पुनःपुन्हा नवी झाली आणि आजही निराळ्या रूपात चालू आहे.

तिचे फळ काय? १९८४मध्ये वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला तेव्हा योजनेला वीस वर्षे झाली होती, आणि विदर्भ, मराठवाडा मागेच होते. २०१३मध्ये विजय केळकर समितीने अहवाल दिला तेव्हाही हा प्रश्न संपलेला नव्हता. ज्या ठिकाणी उद्योग खरोखर रुजले, त्यांत औरंगाबाद ठळक आहे. चिकलठाणा आणि नंतर वाळूज. सवलत तिथेही होती. पण सवलत मराठवाड्याच्या इतर अनेक तालुक्यांनाही होती, तिथे वाळूज झाले नाही. औरंगाबादेत एमआयडीसीने पाडलेले भूखंड होते, जायकवाडीचे पाणी होते, रस्ते होते, तंत्रशिक्षणाच्या संस्था होत्या. मलिक अंबरच्या शहरात साडेतीनशे वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवला गेला. नुसता सारा ठरवून भागत नाही, पाणीही आणावे लागते.

यंत्रे तीच, गाव दुसरे

आता वालीव. वसई पूर्वेचा हा औद्योगिक भाग सरकारी वसाहत म्हणून आखलेला नाही. मुंबईत जागा परवडेना, तेव्हा लहान कारखानदार पुढे सरकत आले आणि महामार्गाजवळच्या गोखिवरे, सातिवली, वालीव या गावांत खासगी इंडस्ट्रियल इस्टेटी उभ्या राहिल्या. एकेका गाळ्यात प्लास्टिक, पॅकेजिंग, इंजिनिअरिंगचे सुटे भाग. माझे अब्बा अशाच एका गाळ्यात मोल्डिंग मशीनवर ऑपरेटर होते.

वालीवपासून महामार्गाने उत्तरेला दोन-अडीच तासांवर सिल्वासा आणि दमण. पूर्वीचे पोर्तुगीज मुलूख, नंतर केंद्रशासित प्रदेश. १९९३पासून तिथल्या नव्या कारखान्यांना पहिली पाच वर्षे नफ्यावर आयकर पूर्ण माफ आणि पुढची काही वर्षे अंशतः माफ होता. वर विक्रीकरात १५ वर्षांची सूट. मुंबई, ठाणे, वसई, भिवंडीच्या कारखानदारांनी तिकडे जागा घ्यायला सुरुवात केली. मी अकरावी-बारावीत असताना अब्बांच्या शेटनेही तेच केले. आधी दोन मशीन गेली, सहा महिन्यांत उरलेली तीन.

अब्बाही काही काळ मशीनच्या मागे गेले. चार जणांत एक खोली, आठवड्याची सुट्टी आली की वापीहून गाडी पकडून घरी. पगार होता तेवढाच, खर्च दोन ठिकाणी. वर्षभरात त्यांनी ते सोडले आणि वालीवलाच कमी पगारावर दुसऱ्या गाळ्यात लागले. नंतर मी त्यांना विचारले होते, तिकडे माल वेगळा निघायचा का? ते म्हणाले, “नाही रे. मशीन तीच, साचे तेच, गिऱ्हाईकही मुंबईचंच. फक्त बिलावरचा पत्ता बदलला.”

पुढे अर्थशास्त्राची पुस्तके वाचली, पण हा मुद्दा इतक्या सोप्या शब्दांत कुठे सापडला नाही. सिल्वासाच्या आकडेवारीत ते पाच मशीन ‘नवी गुंतवणूक’ म्हणून आले असणार. वालीवमधून ते गेले, हे कोणत्या रकान्यात लिहिले गेले?

सिल्वासाला काहीच मिळाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिथे कृत्रिम धाग्याचा मोठा उद्योग उभा राहिला. आपल्या तलासरीकडच्या वारली कुटुंबांतली मुलेही तिथे आणि वापीला कामाला जातात. ज्या भागात कारखानाच नव्हता, तिथे पहिला कारखाना सवलतीने आला तर तो लाभ खराच आहे. २००३मध्ये हिमाचल आणि उत्तराखंडला उत्पादनशुल्कात दहा वर्षांची सूट मिळाली, तेव्हा बद्दीला औषधांचे कारखाने रांगेने उभे राहिले आणि बरेचसे टिकले. पण त्यांतलेही कितीतरी आधी दुसऱ्या राज्यांत असलेले उत्पादन होते. आणि सवलत हेच ज्यांचे एकमेव कारण होते, ते सवलतीबरोबर उठले. अब्बांच्या शेटने मुदत संपत आली तसा तिथला पसारा आवरला. ती मशीन वालीवला परत आली नाहीत, भंगारात गेली.

राज्ये एकमेकांचे कारखाने ओढत होती आणि त्या ओढाताणीत सर्वांचीच तिजोरी रिकामी होत होती. हे लक्षात आल्यावर १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले की १ जानेवारी २०००पासून विक्रीकराचे किमान दर सर्वत्र सारखे ठेवायचे आणि विक्रीकराच्या सवलती देऊन उद्योग खेचणे टप्प्याटप्प्याने थांबवायचे. सवलतीने खरोखर सर्वांचा विकास होत असता तर सगळ्या मुख्यमंत्र्यांनी मिळून ती बंद करण्याचे ठरवले असते का?

नाका उठला तो फायदा

करकपातीचा दुसरा अनुभव आम्हाला जकात आणि एलबीटीने दिला. १ ऑगस्ट २०१५पासून राज्य सरकारने ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा एलबीटी रद्द केला. वसई-विरार महापालिकेतले जवळपास सगळे लहान व्यापारी-कारखानदार त्यात आले. वह्या तपासणीचा जाच गेला, हे खरे आणि चांगले झाले. पण माल स्वस्त होईल, धंदा उसळेल, असे जे सांगितले गेले होते ते मला बाजारात तरी दिसले नाही. महापालिकेच्या उत्पन्नातला खड्डा मात्र राज्याच्या अनुदानाने भरावा लागला. म्हणजे तोच पैसा नागरिकांनी दुसऱ्या खिशातून दिला, आणि गावाच्या गटाराचा, रस्त्याचा निर्णय मंत्रालयाच्या हप्त्यावर जास्त अवलंबून राहू लागला.

याउलट १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. वालीवचा माल मुंबईत जाताना दहिसर नाक्यावर टेम्पो रांगेत उभे राहायचे. ती रांग गेली. हा फायदा ड्रायव्हरपासून मालकापर्यंत सर्वांना लगेच जाणवला. पण तो कराचा दर उतरल्यामुळे झाला नव्हता. वाटेतला अडथळा उठल्यामुळे झाला होता. मलिक अंबरने ठेकेदार उठवला, त्याच जातीचा हा फायदा.

दर फार चढा असेल तर?

एक गोष्ट करकपातीच्या बाजूने प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. १९७३-७४मध्ये आपल्या देशात आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. इतक्या दराने कर भरला जात नाही, काळा पैसा तयार होतो, असे वांछू समितीने १९७१मध्येच सांगितले होते. पुढच्या वर्षी दर ७७वर आला, १९८५मध्ये ५०वर आणि १९९७मध्ये ३०वर. कर भरणारे वाढले, वसुलीही वाढली. पॅन, पगारातून कपात, संगणक यांचाही त्यात मोठा वाटा होता, पण चढे दर उतरवल्याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. इब्न खल्दूनचे पहिले अर्धे इथे लागू पडते.

पण ९७चा दर ३०वर आणणे आणि ३०चा २२वर आणणे, या दोन सारख्या गोष्टी नाहीत. २० सप्टेंबर २०१९ला अर्थमंत्र्यांनी कंपनी कर ३०वरून २२ टक्के केला आणि नव्या उत्पादक कंपन्यांना १५ टक्के. सरकारने स्वतःच १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचे सांगितले. सेन्सेक्स त्या दिवशी १९०० अंशांहून अधिक उसळला. केंद्राच्या करात राज्यांचाही हिस्सा असतो, म्हणून या कपातीचा काही भार राज्यांवरही आला. पुढे कोरोना आला, त्यामुळे त्या एका निर्णयाचे मोजमाप अवघड आहे. पण सरकारच्याच २०२४-२५च्या आर्थिक पाहणीने नोंदवले की २०२३-२४मध्ये मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्याकडचा रोजगार १.५ टक्क्यांनी. नफा पंधरा वर्षांतल्या शिखरावर होता. नोकऱ्या तिथे पोचल्या नव्हत्या.

आणि वालीवच्या गाळ्याला त्या कपातीचे काय मिळाले? माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा धंदा भागीदारीत आहे. २२ टक्के दर कंपन्यांना आहे, भागीदारी संस्थेला नाही. तिचा ३० टक्के तसाच राहिला. विकासाच्या नावाने जी कपात झाली, ती नऊ माणसांना काम देणाऱ्याच्या दारापर्यंत आलीच नाही.

मग मी त्यांना विचारले, “भाई, कर सोडा. वर्षभरात धंद्याचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं होतं?” त्यांनी बोटे मोडली. वीज गेली की मशीनमधला माल घट्ट होतो, तो काढून पुन्हा मशीन तापवायला निम्मा दिवस जातो. पावसाळ्यात रस्त्याची चाळण होते आणि टेम्पो अडकतो. २०१८च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा कच्चा माल भिजला आणि कित्येक दिवस काम बंद राहिले. मोठे गिऱ्हाईक पैसे वेळेवर देत नाही, पण जीएसटी मात्र बिल फाडल्यावर भरावा लागतो. मशीन सेट करणारा शिकलेला मुलगा मिळत नाही. कराचा दर त्या यादीत पाचव्या बोटानंतर आला.

यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी सरकारी खर्चाशिवाय सुटणाऱ्या नाहीत. शिकलेला मुलगा मिळत नाही, ती तर माझ्या शाळेची आणि आयटीआयची गोष्ट आहे. ज्या पैशातून हे होते, तोच पैसा विकासाच्या नावाने आधी सोडून द्यायचा आणि नंतर विकास का होत नाही म्हणून विचारायचे, यात हिशेब कुठे बसतो?

आपल्या माणसाचे नाव अमेरिकेच्या अध्यक्षाने घेतले याचा आनंद मलाही आहे. पण इब्न खल्दूनचा मान राखायचा असेल तर त्याचे पुस्तक अर्ध्यावर मिटू नये. इथून पुढे कोणीही, कोणत्याही पक्षाचा असो, करकपातीने विकास होईल असे सांगू लागला, तर तीन गोष्टी विचाराव्यात. ही कपात नेमकी कोणाला मिळणार? सोडलेला पैसा कुठल्या कामातून वजा होणार? आणि येणारा कारखाना नवा असेल, की कुठल्यातरी वालीवमधून उचललेला?

अब्बा आता निवृत्त आहेत. हा लेख मी त्यांना वाचून दाखवला. मलिक अंबर त्यांना आवडला. सिल्वासाचा भाग ऐकून ते म्हणाले, “शेटचं काही चुकलं नव्हतं, हे पण लिही. त्यानं सवलत दिसली तिकडं मशीन नेली. देणाऱ्यानं विचार करायला हवा होता.” म्हणून तेही लिहिले आहे.